तलावाबाहेरच्या रेघा

फार जुन्या काळी, ज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही अशा एका राज्यात, गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता. त्याभोवती उंच भिंत होती. पाणी सोडायचं लाकडी दार भिंतीच्या आत होतं. चुकीचा हात लागून गाव वाहून जाऊ नये म्हणून आत जायची मुभा दोघांनाच होती. हैबती मागणी तपासायचा आणि रंभाई दार उचलायची.

ज्याला पाणी हवं, त्याने भिंतीबाहेरच्या दगडावर गेरूने रेघा ओढायच्या. एक रेघ म्हणजे दार एक वीत वर. हैबती बाहेर येऊन रेघा बघायचा आणि मागणी रास्त असली की आत जाऊन तसं सांगायचा. मग रंभाई भिंतीतल्या झरोक्यातून रेघा मोजून तेवढं दार उचलायची.

एका उन्हाळ्यात वांग्यांच्या मळेवाल्याने दोन रेघा ओढल्या. हैबतीने त्या बघितल्या आणि आत जाऊन म्हणाला, "ठीक आहे, रंभाक्का."

रंभाईने झरोक्यातून पाहिलं. दगडावर रेघांची रांगच होती. एवढं पाणी कशाला, असं तिच्या मनात आलं. पण हैबतीने तपासलंय म्हटल्यावर तिने दार उचललं.

खालच्या कुंभारवाड्यात पाणी शिरलं. भिंती खचल्या, वाळत घातलेल्या मडक्यांचा चिखल झाला. एका म्हातारीला लोकांनी छपरावरून उतरवलं.

राणीने दोघांना बोलावलं.

"दोनच रेघा होत्या," हैबती म्हणाला.

"नाही, रांगभर होत्या. मी मोजूनच दार उचललं," रंभाई म्हणाली.

दोघंही खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. मळेवालाही दोनच म्हणाला, पण दगडावर तर रांग दिसत होती. राणीला काही उमगेना. हैबतीला वाटलं, आपली नजर गेली. तो घरी डोळ्यांसमोर बोटं धरून मोजत बसे. रंभाईला वाटलं, आपण मोजायलाच विसरलो. भाकरी थापताना ती मोजायची आणि मध्येच अडायची. दोघं एकमेकांकडे बघेनाशी झाली.

शेवटी केळीच्या बागेचा मालक मान खाली घालून राणीपुढे आला. "हैबतीदादा आत वळले, तेव्हा मी तिथे आलो. त्या दोन रेघांशेजारी माझ्याही ओढल्या. तपासणी होऊन गेलीय, हे मला ठाऊक नव्हतं."

"म्हणजे खोटं कुणीच बोललं नाही," राणी म्हणाली. "मग कुंभारवाडा बुडाला कसा?"

मग रंभाई हळूहळू म्हणाली, "दादांनी पाहिल्या त्या रेघा वेगळ्या, मी पाहिल्या त्या वेगळ्या. दगड बाहेरचा, त्यावर कुणाचाही हात पडतो. आणि आम्ही तो दोनदा वाचला."

त्याच आठवड्यात झरोका बुजवला गेला. हैबती बाहेरच्या रेघा एकदाच बघून जशाच्या तशा आतल्या पाटीवर उतरवू लागला. तपासायची ती पाटी, आणि दार उचलायचं तेही पाटी बघूनच. बाहेरच्या दगडावर मग कुणी काहीही ओढो.

कुंभारवाड्याच्या भिंती दोघांनी कुंभारांबरोबर राबून पुन्हा उभ्या केल्या. तरी पाण्याचा जरा आवाज आला की तिथली माणसं कितीतरी वर्षं आपापल्या घराच्या दारात येऊन उभी राहत.

बाहेरून आलेली गोष्ट आधी आपल्या हाती घ्यावी, मग तपासावी, आणि जी तपासली तीच वापरावी.