धाकोजी सारंगाची हाजरी

"या साली लखूचं नाव गाळून टाकू. हाजर म्हणायला त्याच्या घरात उरलंय कोण?" मामंजी पडवीत शेजारच्या बाबीकाकांना सांगत होते. मी मागच्या दारी बांगडे धूत होते. बोलणं माझ्यासाठी नव्हतं. पण निवेबंदरात लग्न होऊन आल्यापासून महत्त्वाचं सगळं मला बांगडे धुतानाच कळलंय.

तर हा लखू कोण, ते ऐका.

आगबोटी कोळसा खायच्या आणि साहेबाची मोठी लढाई पेटलेली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या बंदरात धाकोजी नावाचा सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. त्याने हाक मारली की खाडीपलीकडची गुरं माना वर करायची, असं म्हणतात. मालाच्या बोटीवर तो खलाशी भरायचा ते फक्त आपल्या गावचे. निघताना एकेका आईला सांगायचा, "वयनी, नेतोय तसा आणून देईन."

त्या खेपेला बोटीत तांदूळ होता, कापूस होता, आणि तळाशी तोफांचे गोळे. भर दर्यात पाणबुडीने टॉर्पेडो हाणला. बोट फाटली, पण इंजिन काही थांबेना! धावत्या बोटीवरून होडी सोडावी तर ती उलटणार. तेव्हा भट्टीत कोळसा घालणारा लखू आगवाला म्हणाला, "सारंगदादा, तुम्ही होडी बघा. ही म्हैस मी थांबवतो." आणि उकळत्या वाफेत उतरला.

इंजिन थांबलं. होडी पाण्यात उतरली. लखू वर आला नाही.

धुकं असं, की हातातलं वल्हं दिसेना. धाकोजीने हाजरी घेतली. एकेक जण हाजर. मग त्याने हाक दिली, "लखू आगवाला!"

होडीतला बोटीचा गोरा साहेब म्हणाला, "तो गेला. नाव गाळ."

"बोट तुमची, साहेब. माणसं माझी." धाकोजीने पुन्हा हाक घातली.

आणि धुक्यातून उत्तर आलं, "हाजर!"

त्या आवाजाबरोबर जळत्या कोळशाचा वास आला, असं म्हणतात. होडी तिकडे वळली. हाक मारायची, ऐकायचं, वल्हवायचं! लाटा बाजूला होऊन वाट द्यायच्या, दोन्ही अंगांनी मासे सोबत चालायचे. सासूबाई सांगतात तेव्हा ते डॉल्फिन असतात, मामंजी सांगतात तेव्हा देवमासे. आवाज थांबला तिथे होडी वाळूला लागली. लखू सोडून सगळे घरी आले. लखूच्या आईसमोर धाकोजीने पुढे कधी मान वर केली नाही, असं म्हणतात.

म्हणून आजही नारळी पौर्णिमेला, होड्या लोटण्याआधी, किनाऱ्यावर ती हाजरी होते. ज्याच्या घरचं नाव, त्याने हाजर म्हणायचं. एक जरी नाव उत्तराविना राहिलं, तर त्या साली होडी लोटायची नाही. लखूची नातसून, त्या घरातली शेवटची, यंदा उन्हाळ्यात वारली.

मामंजींनी नावं घ्यायला सुरुवात केली. एकेक हाजर असा दणकत होता, की कावळे उडाले! शेवटच्या नावाशी मामंजी थांबले. वाळूकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "लोटा!"

माणसांनी खांदे लावले.

"मामंजी, लखू आगवाला राहिला," मी म्हणाले.

सगळा किनारा वळून बघायला लागला. आता तोंड उघडलंच होतं, तर पुरतं उघडलं.

"हाजर!"