पहाऱ्याची खुर्ची

"पण सर, तुम्ही इथवर आलातच कसे?"

प्रद्युम्न सबनीसला धाप लागली होती. अणुवीज केंद्राच्या सगळ्यात आतल्या इमारतीच्या पायरीवर हुद्दार सर चपला काढून बसले होते. वय चौऱ्याहत्तर. संचालकांनी त्यांना सुरक्षेची परीक्षा घ्यायला बोलावलं होतं. आणि ही सुरक्षा त्यांच्याच शिष्यानं, प्रद्युम्ननं, तीन वर्षं खपून उभी केली होती.

"चालत आलो," सर म्हणाले. "गुडघे तेवढे दुखले."

"तीन कुंपणं आहेत, सर! मांजर शिरलं तरी घंटा वाजते."

"वाजली की. तीनदा."

"मग?"

"मग बंद झाली."

प्रद्युम्न तडक नियंत्रण कक्षात गेला. सर मागून, सावकाश. पडद्यांसमोर रावजी पेडणेकर सकाळपासून एकटाच बसून होता. डोळे तांबारलेले.

"घंटा कोणी बंद केली?"

"मीच, साहेब. दिवसातून दोनशेदा वाजते. वारा, बगळे, माकडं..."

"उद्यापासून येऊ नकोस!"

सरांनी रावजीला हाताला धरून उठवलं. दाराशी नेऊन त्याच्या कानात काही सांगितलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "जा, जेवून ये."

मग त्यांनी ती रिकामी खुर्ची प्रद्युम्नकडे सरकवली.

"बस."

घंटा वाजली. प्रद्युम्ननं पडदा नीट न्याहाळला. बगळा. त्यानं बटण दाबलं. पुन्हा वाजली... वाऱ्यानं हललेली फांदी. पुन्हा बगळा. माकड.

पहिला तास त्यानं ताठ मानेनं काढला. दुसऱ्या तासाला मान भरून आली. तिसऱ्या तासाला पडदे नुसतेच लुकलुकत राहिले...

घंटा वाजली. त्यानं बटण दाबलं.

"काय होतं?" सरांनी विचारलं.

"बगळा."

"बघ."

प्रद्युम्ननं चित्रण मागे नेलं. दुसऱ्या कुंपणाच्या आत रावजी उभा होता. दोन्ही हात वर करून हलवत होता.

"...मी पाहिलंच नाही."

रावजी परत आला आणि दारातच थबकला.

"रावजी," प्रद्युम्न खाली बघत म्हणाला, "मघाचं मनावर घेऊ नका. उद्या या."

मग त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून सरांपुढे ठेवलं. "हे काम माझ्याच्यानं व्हायचं नाही, सर. थकलो मी..."

सरांनी ते उचललं आणि पुन्हा त्याच्या गळ्यात घातलं.

"आत्ता कुठे तू कामाचा झालास."