नगराध्यक्षांची पन्नास पावलं

सायकल फेरीला हिरवी झेंडी दाखवायला नगराध्यक्ष नानासाहेब बेडगे अर्थातच मोटारीतून आले. फोटोपुरती पन्नास पावलं त्यांनी सायकलही चालवली. तेवढ्यासाठी चार हवालदारांनी हमरस्ता दोन्हीकडून अडवून धरला होता.

घाम पुसत साहेब माइकवर गरजले, "बघा, मला कुणाचा धक्का लागला? कशाला हवा वेगळा सायकलमार्ग?"

समोर अंगणवाडीच्या सुलभाताई खरोसे उभ्या होत्या. गेल्याच महिन्यात इथेच एका ट्रकने त्यांना सायकलसकट गटारात घातलं होतं. हात अजून गळ्यात होता. सायकलमार्गाचा अर्ज मात्र साहेबांच्या कपाटात सुखरूप होता.

ताई गोड हसल्या. "पटलं, साहेब. मार्ग राहू द्या. उद्या शाळेला सव्वाशे सायकली निघतील, प्रत्येकीपुढे चार हवालदार तेवढे धाडा."

सगळ्यांत आधी हसले ते हवालदारच.