टिटवीच्या मुलीचं इंग्रजी

फार पूर्वी तळ्याकाठच्या पक्ष्यांना वाटू लागलं, की इंग्रजीशिवाय आपल्या पिल्लांचं काही खरं नाही. तेव्हा शुभ्रकांत नावाच्या बगळ्याने शिकवणी उघडली. तो पाण्यात उभा राहून शिकवी आणि पिल्लं काठावर बसत. पिल्लांना वर्गात मराठी बोलायला सक्त मनाई होती.

एके सकाळी टिटवीची मुलगी रेवा घाबरून ओरडली, "सर! अ क्रोकोडाइल!"

"चूक," बगळा म्हणाला. "अनोळखी असेल तर 'अ', ओळखीची असेल तर 'द'. ही मगर आपल्या ओळखीची आहे ना?"

रेवाने घाईघाईने मान हलवली. बदककाकांना हिनेच तर खाल्लं होतं.

"मग पूर्ण वाक्य सांग."

"द क्रोकोडाइल... कम..."

"कम नाही! क्रिया चालू आहे, तेव्हा इज कमिंग."

रेवाला रडू फुटलं. "सर, मगर आली! पळा!" ती मराठीत किंचाळली. सगळी पिल्लं भुर्रकन उडाली.

बगळा जागचा हलला नाही. "वर्गात मराठी?" तो कडाडला. "उद्या आईला घेऊन..."

तेवढ्यात मगरीने त्याला गिळलं.

संध्याकाळी पालकांची सभा भरली. सरांना श्रद्धांजली वाहून झाल्यावर, वर्गात मराठी बोलल्याबद्दल रेवाचं नाव एकमताने काढून टाकण्यात आलं.