खिंडीतली काटेकोरांटी

खिंड ओलांडताना डाव्या अंगाला पिवळ्या फुलांची जी काटेरी झुडपे दिसतात, ती कुणी कुंपणासाठी लावलेली नाहीत. ती काटेकोरांटी. दाढदुखीवरचे आमचे औषध तेच. इतर गावांत असले औषध पदराआड कुटून देतात. झाडाचे नाव सांगितले की गुण जातो, म्हणतात. आमच्याकडे आधी झुडूप दाखवतात, मग पाला देतात. याला कारण दोन जावा.

थोरली राही, धाकटी ठकू. त्यांची सासू दातांचे औषध देई, आणि ते घरात एकीलाच सांगायचे अशी रीत होती. राहीने बारा वर्षे सासूचे पाय चेपले. मरताना म्हातारीने जवळ ओढला तो ठकूचा कान! राहीच्या पोटात तेव्हा जो निखारा पडला, तो काही विझेना. गाल सुजलेली माणसे दारात येऊन "ठकूबाई हायेत का?" विचारत, आणि आत राही भाकरी थापता थापता परात आपटत असे.

औषधी पाला तोडायचा तर आदल्या सांजेला झाडाच्या बुडाशी तांदूळ ठेवून त्याला आवतण द्यावे लागते. एका सकाळी राही ते तांदूळ हुडकत डोंगर हिंडली. कोरांटीच्या बुडाशी सापडले. मग तिने उतारावरची एकूण एक कोरांटी मुळासकट उपटली म्हणे, हात रक्तबंबाळ होईतो. जेवताना ठकूने ते हात पाहिले आणि तिची भाकरी कुस्करून दिली. आलेली माणसे आठ दिवस विन्मुख परतली आणि राहीला गोड झोप लागली.

नवव्या दिवशी राहीचीच दाढ ठणकली. पाणी गिळवेना. झुडूप कोणते ते तिला कळले होते. पण पाला घ्यायचा की मूळ, चावायचे की उकळायचे, ते ठाऊक नव्हते, आणि आता झुडूपही नव्हते. ठकूने हात धरून तिला कड्याखालच्या कपारीशी नेले. तिथे एकच कोरांटी उरली होती; ठकूला ती आदल्याच सांजेला सापडली होती, आणि बुडाशी तिचे तांदूळ होते.

"बघा जाऊबाई, हिचा पाला चावायचा, रस दाढंत धरायचा..."

राहीने कानांवर हात ठेवले. "सांगू नगंस गं! गुण जाईल. मला गुण पायजे."

"गेला तर दोघींचा जाईल," ठकू म्हणाली. "मग तरी तुमची जळजळ थांबंल."

राहीने पाला चावला. तिन्हीसांजेपर्यंत ठणका उतरला. गुण गेला नव्हता. मत्सरही गेला नाही, असे सांगतात. उलट ठकूचे मन एवढे मोठे कसे, याचाच तिला नवा हेवा वाटू लागला. पण दुसऱ्या दिवसापासून ती त्या झुडपाच्या फांद्या उतारावर खोचू लागली. येणाऱ्याला झुडूप दाखवी, आणि पाला देण्याआधी, घशात अडकलेला घास ढकलावा तशी म्हणायची, "ठकूनं दाखवलं."

आजही आमच्याकडे कोणी कोणाला कोरांटी दाखवली, की दाखवणारा आधी हे दोन शब्द म्हणतो. समोर जावा-जावा असल्या, तर ते थोरलीने म्हणायचे असतात, आणि धाकटीने ऐकून गप्प राहायचे असते.