बोरधारची चवरी

गोदावरीकाठच्या बोरधारच्या गुरुद्वाऱ्यात गुरु ग्रंथ साहिबांचं जुनं हस्तलिखित स्वरूप, म्हणजे प्रत, आहे. त्यातली गुरुमुखी ओळ अखंड चालते. दोन शब्दांमध्ये जागा नाही. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. पूर्वी सारे असेच लिहीत. आता बहुतेक ठिकाणी शब्द सुटे केलेल्या छापील प्रती आल्या आणि जुन्या प्रती रेशमात गुंडाळून ठेवल्या गेल्या. न वाचता ठेवण्याला जतन म्हणायची लाज कुणाला वाटत नाही. बोरधारला मात्र रोज हाच ग्रंथ उघडतो. का, ते तिथले वृद्ध सेवेकरी अत्तरसिंग गाडीवाले पाहुण्यांना सांगतात.

असे सांगतात, की निजामी अमलात इथे जहागीरदाराने नेमलेला एक कारभारी होता. ग्रंथ वाचणारे ग्रंथी बिशनसिंग यांची नजर मंदावली होती, आणि ही जोडलेली ओळ वाचणारे गावात ते एकटेच. कारभाऱ्याने फर्मावलं: वैशाखीला नवी प्रत बसवा, जुना ग्रंथ गोदावरीत सोडा. त्याला स्वतःला त्यातली एक ओळ येत नव्हती. आपल्याला न येणारी गोष्ट निरुपयोगी ठरवण्याचा हक्क असल्या माणसांना कोण देतं, देव जाणे.

बिशनसिंगांनी विचारलं, "गावातल्या कुणी वाचून दाखवलं तर?"

"तर ग्रंथ राहील," कारभारी हसला. "पण वाचणार कोण? ही तुमची माणसं? घोडे धुतील फार तर!"

वैशाखीला संगत, म्हणजे सारी भक्तमंडळी, जमली. नदीवर न्यायची पालखी दाराशी तयार होती. बिशनसिंग ग्रंथ उघडून बाजूला झाले. कुणी पुढे येईना. तेव्हा ग्रंथामागे चवरी ढाळणाऱ्या रतनकौर नावाच्या विधवेने चवरी खाली ठेवली आणि ती वाचायला बसली.

"माई, तुला येतं?" बिशनसिंग चकित झाले.

"चौदा वर्षं तुमच्या खांद्यामागे उभी आहे, ज्ञानीजी. डोळे मिटून होते की काय?"

तिने न अडखळता वाचलं. त्या क्षणी पालखी भोयांना उचलेना, असंही काहीजण सांगतात. अत्तरसिंगांना ते मुळीच पसंत नाही. "चमत्कार कशाला पाहिजे? बाई चौदा वर्षं उभी होती!"

"पाठ केलं असेल," कारभारी गुरगुरला. "आणखी वाच."

"वाचते की. पण साहेब, ग्रंथमहाराजांच्या मागे कुणी उभं नाही. ती चवरी घ्या आधी."

सारी संगत त्याच्याकडे पाहू लागली. त्याला चवरी घ्यावी लागली. रतनकौरने घाई केली नाही. ऊन कलेपर्यंत ती वाचत राहिली. कारभाऱ्याने हात बदलला, पुन्हा बदलला. त्याला सोडवायला कुणी उठलं नाही. तिने पाठ थांबवला तेव्हा तो चवरी ठेवून निघून गेला. पालखी रिकामी परत गेली.

आजही ग्रंथ बदलायची सूचना घेऊन कुणी बोरधारला आलं, की त्याच्या हाती चवरी देतात आणि पाठ सुरू करतात. गेल्या चैत्रात भिंतीवर सुटे शब्द दाखवणारा पडदा लावायला सांगणारे दोघे सुशिक्षित गृहस्थ आले होते. एक वीस मिनिटांत पाणी प्यायला गेला, तो आलाच नाही. दुसऱ्याच्या हाती चवरी देत अत्तरसिंगांनी विचारलं, "ओळ वाचता येते का?"

"नाही."

"मग उभे राहा."