बंद बंदराचे दिवस

“माफी संपली! चौथा हिस्सा काढ, नाहीतर गलबत वळव!”

खारवण बंदराच्या धक्क्यावर राजे भुजंगराव गरजले आणि मकामे नाखवा मटकन आपल्याच पोत्यावर बसला.

मकामे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. दर साली वारं धरून यायचा, गलबतात चंद्रूस भरून. चंद्रूस म्हणजे जमिनीतून खणून काढलेला डिंक. त्याचं रोगण होतं. राजांची पालखीसुद्धा त्यानेच चकाकायची. बारा वर्षांपूर्वी खारवण बंदरात कुत्रं फिरकत नव्हतं, तेव्हा राजांनीच आफ्रिकेच्या नाखव्यांना हात जोडून बोलावलं होतं, बारा वर्षांची जकातमाफी देऊन. आता बंदर गजबजलं आणि राजांचा हात आखडला.

मुदत संपली ती नेमकी काल! आणि मकामे तीन दिवस खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून बसलेला. का? तर नारळी पौर्णिमेला राजांनी समुद्राला नारळ दिल्याशिवाय बंदरात एकही गलबत शिरायचं नाही, असा रिवाज. नारळ आज सकाळी पडला. एका दिवसाने माफी हुकली!

“अगो सरकार,” मकामे काकुळतीला आला. मराठी तो बंदरातल्या बायकांकडून शिकला होता, त्यामुळे राजालाही ‘अगो’ म्हणायचा. एरवी राजे मिशीत हसायचे. आज हसले नाहीत. “चौथा हिस्सा दिला तर ऱ्हाईल काय? तिकडं माझ्या गावची दोनशे माणसं हे खणतात. माफी वाढवा, नायतर मी दक्षिणंच्या बंदरात जातो. थंय जकात न्हाय.”

“जा! मुदतीचा गेलेला दिवस परत येत नाही.” राजांना एकदम गंमत सुचली. “हां, एक कर! उगवला, मावळला, तरी सरला नाही, असा एक दिवस मला आणून दाखव. असे जितके दिवस आणशील, तितकी माफी वाढवतो. सूर्य बुडायच्या आत!”

दरबारी खो खो हसले. मकामेने निमूटपणे दोर सोडायला माणसं पाठवली.

हे सगळं कोठाराच्या दारातून दुर्पी ऐकत होती. सरकारी कोठारात चंद्रूस निवडणाऱ्या चाळीसजणींतली ही एक. गलबत वळलं की चाळीस चुली थंड! पण दुर्पी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. हात पदराला पुसत ती तडक पुढे आली.

“सरकार, असं दिवस मी आणलं तर चालंल?”

“तू? तू कोण?”

“दुर्पी. तुमच्याच कोठारात निवडायला असते.”

“आण की! कुठून आणणार? टोपलीतून?”

“टोपली कशाला? फडणीसकाकांच्या दप्तरात हायत. आमचं हजेरीपत्रक तेवढं मागवा. आणि सरकार, शब्द पक्का ना?”

“भुजंगरावाने शब्द फिरवलेला ऐकलायस कधी?”

“न्हाय बा. म्हणून तर इचारलं!”

फडणीस हजेरीपत्रक घेऊन धापा टाकत आले. पहिल्याच पानावर राजांचा हुकूम होता, खाली ठसठशीत शिक्का.

“वाचा काका, मोठ्यानं.”

फडणीसांनी एकदा हुकमाकडे पाहिलं, एकदा राजांकडे, आणि घसा साफ केला. “ज्येष्ठ लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद. बंद बंदराचा दिवस हा दरबारच्या लेखी दिवसच नव्हे. सबब चाकरांच्या दिवसांत धरू नये, पगार देऊ नये.”

“हा हुकूम कुणाचा, सरकार?”

“माझाच,” राजे म्हणाले. जरा हळूच म्हणाले.

“मंग बघा! दर साली अडीच म्हैने सूर्य उगवतो, मावळतो, आम्ही घरात बसून पेज पितो, आणि दरबारात तो दिवस सरतच न्हाय! आमच्या पगाराला जो दिवस न्हाय, तो नाखव्याच्या मुदतीला कसा काय दिवस होतो? बारा सालं, सालाला अडीच म्हैने. तीस म्हैने झाले. ह्ये घ्या तुमचे न सरलेले दिवस!”

दोर सोडणारेही हातातलं काम टाकून जवळ आले. राजांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. तीसच आले.

“बरं!” ते कसंबसं म्हणाले. “अडीच वर्षं वाढवली.”

“पण सरकार, त्या अडीच वर्षांत बंदर दोनदा बंद पडंल. त्ये पाच म्हैने पुढं धरायचे. त्या पाच म्हैन्यांत परत ज्येष्ठ आला, तर त्ये बी...”

“थांब, थांब, माझे आई!” राजांनी दोन्ही कान धरले आणि पोट धरधरून हसू लागले. “ही तर माझ्या नातवापर्यंत माफी नेईल! फडणीस, लिहा. आफ्रिकेच्या नाखव्यांना आजपासून पुन्हा पुरी बारा वर्षं माफी. आणि तो जुना हुकूम फाडा! यापुढे बंद बंदराचा दिवसही दिवसच. म्हणजे परत कुणी मला असं पकडायला नको.”

“लिहिलं का काका?” दुर्पीने वाकून पाहिलं. “शिक्का मारा आधी.”

शिक्का बसला.

“मंग सरकार, बंद बंदराचा दिवस आता दिवस झाला. म्हणजे पावसाळ्याचा अडीच म्हैन्यांचा पगारबी आम्हा चाळीसजणींना आला!”

राजांनी असा काही हास्याचा गडगडाट केला की धक्क्यावरचे बगळे उडाले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी दुर्पीच्या ओंजळीत टाकलं.

“घे! आणि पगारही घ्या! अजून काही राहिलं असेल तर तेही आत्ताच सांग, बाई!”

“नारळ ऱ्हायला,” दुर्पी म्हणाली. “बंदर उघडलं, पन नाखव्याच्या हातावर कुणी खोबरं ठेवलं न्हाय अजून.”

राजांनी स्वतः नारळ फोडून मकामेपुढे धरला. मकामेने डोळे पुसले, भलामोठा तुकडा तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडाने म्हणाला, “अगो सरकार, लय गुणाची गो तू!”

आणि या वेळी राजे मिशीत नाही, चांगले मोठ्याने हसले.